एक तृतीयांश धावेसाठी

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात सकाळी दहाचा चहा ज्या क्रमाने मिळायचा, तो बेसबॉलच्या टीमचा बॅटिंगचा क्रम होता. हसू नका, खरंच तसं होतं. अकरा वर्षांपूर्वी टीम पहिल्यांदा मैदानात उतरली, तेव्हा कुणीतरी बॅटिंगचं कार्ड आणून चहाच्या खोलीत किटलीच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. चहावाल्या मावशी तेव्हा नवीन होत्या. कुणाला आधी द्यायचा, कुणाला नंतर, कोण रुसेल, कोण डोळे वटारेल, त्यांना काय ठाऊक? समोर आयती यादी दिसली आणि त्यांनी ती धरून कप भरायला घेतले. टीममध्ये नसलेल्यांना त्यानंतर. पुढे रजाही त्याच क्रमाने मिळायला लागली. एका कारागिराच्या मुलीच्या लग्नात तर फोटोला माणसं त्याच क्रमाने उभी राहिली, आणि नवरामुलगा बिचारा पाचव्या आणि सहाव्या नंबराच्या मध्ये चेपला गेला. अकरा वर्षांत क्रम एकदाही बदलला नाही. टीम दरवर्षी हरत होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आलं ते मिलिग्रॅमच्या डोक्यात. मिलिग्रॅम हा कारखान्यातला तपासनीस. काटा दुरुस्त झाला की शेवटी त्याच्या टेबलावर यायचा. हा त्यावर चिमट्याने वजनं ठेवायचा, श्वास रोखून काट्याकडे बघायचा, आणि केसभर फरक दिसला की काटा परत पाठवायचा. सही मिळेपर्यंत कारागिरांच्या तोंडचं पाणी पळायचं. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणायची, हा माणूस आमटीत मीठ घालतानासुद्धा वाकून बघतो. वाईट नव्हता तो, फक्त 'साधारण' हा शब्द त्याला शिकवायचा राहून गेला होता.

हे नाव त्याला सासऱ्यांनी दिलं होतं, लग्नाच्याही आधी. सासरे त्याच कारखान्यात होते. ट्रकच्या ट्रक वजन करणारे मोठे काटे ते जमिनीखालच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना सगळे टनकाका म्हणत. टन आणि मिलिग्रॅम एकाच घरातले, यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे पहिल्या वर्षातच सगळ्यांचे करून झाले होते. जावयाला नोकरी सासऱ्यांनीच लावली, मग मुलगी दिली. कारखान्यात ते त्याला 'अरे-तुरे' करायचे, घरी उंबरठा ओलांडला की 'जावईबापू, तुम्ही बसा'. दोन्हींत माया सारखीच होती आणि मिलिग्रॅमला ती कळत होती.

टीमसुद्धा टनकाकांनीच काढलेली. मैदान त्यांनी साफ करून घेतलं, पळताना एकेक गाठायचे तीन बेस, म्हणजे चौकोनी उशा, त्यांनी शिवून आणले, आणि चौथा नंबर स्वतःकडे ठेवला. बेसबॉलमध्ये चौथा नंबर म्हणजे मानाचं पान. पहिल्या तिघांनी कसंबसं बेसवर जाऊन उभं राहायचं आणि चौथ्याने असा टोला हाणायचा की सगळे फिरून घरी, म्हणजे निघाले त्या जागी यावेत, माणशी एक धाव. पहिली काही वर्षं टनकाकांनी तो हाणलाही. पण आता त्यांना निवृत्तीला दोन महिने उरले होते, एक गुडघा खड्ड्यातून वर येताना कुरकुरायचा, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्या बॅटीचा एकही चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, फार मागे गेला नव्हता. हे सगळ्यांना दिसत होतं. पण बोलणार कोण? सगळे मूग गिळून बसले होते, कारण प्रत्येकाला आपापला चहा प्यारा होता.

आधीच्या कोचने पाठदुखीचं कारण सांगून हात झटकले आणि या वर्षी कोचपद मिलिग्रॅमच्या गळ्यात पडलं. गेली सहा वर्षं तो टीमची वही लिहीत होता. कोण किती वेळा बॅटिंगला गेलं, किती वेळा बेसवर पोचलं, सगळं त्यात होतं. कोच झाल्यावर त्याने ती वही पहिल्यांदा नीट वाचली आणि त्याला घाम फुटला. टीममध्ये सगळ्यात जास्त वेळा बेसवर पोचणारी होती पॅकिंगबाई. तिचा नंबर नववा, म्हणजे शेवटचा, कारण ती टीममध्ये सगळ्यात शेवटी आली. दिवसभर नाजूक काटे कागदात गुंडाळणारी बाई, तिला घाईने हात उचलायची सवयच नव्हती. पिचरने वाईट चेंडू टाकला की ती नुसती बघत राहायची. असे चार झाले की पहिला बेस फुकट. जवळजवळ दर दुसऱ्या वेळेला ती अशी ऐटीत चालत पहिल्या बेसवर जायची. आणि जो नंबर सगळ्यात शेवटी, त्याची पाळी सामन्यात सगळ्यात कमी वेळा येते. म्हणजे सगळ्यात कामाच्या बाईला हे लोक सगळ्यात कमी वेळा पाठवत होते. वर तिला अकरा वर्षं गार चहा पाजत होते.

मिलिग्रॅमने तीन आठवडे आकडेमोड केली. पॅकिंगबाई पहिली, रंगारी दुसरा, तराजूवाला तिसरा, वेल्डर चौथा, आणि टनकाका आठवे, असा क्रम लावला तर दर सामन्यात टीमच्या धावा वाढणार होत्या. किती? तर एक तृतीयांश. तीन सामने खेळा, तेव्हा कुठे एक धाव. दुसरा कुणी असता तर तो स्वतःवरच हसला असता आणि वही माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. पण हा मिलिग्रॅम. एक तृतीयांश धाव इतकी वर्षं वाया चालली आहे, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

आणि एक गोष्ट त्याच्या बाजूची होती, तीही खरी. लीगमध्ये आठ कारखाने होते. सलग तीन वर्षं जो तळाला राहील, त्याला लीगमधून काढत. आपली ही मंडळी दोन वर्षं तळाला होती. या वर्षी तळासाठी त्यांची आणि बर्फाच्या कारखान्याची चुरस होती आणि शेवटचा सामना त्या दोघांतच होता. हरेल तो तळाला. बर्फवाल्यांना तळ यंदा पहिल्यांदाच लागला असता, यांना मात्र तो शेवटचा. या मोसमात तीन सामने एकेका धावेने गेले होते. म्हणजे सासऱ्यांनी उभी केलेली टीम वाचवायची, तर सासऱ्यांनाच चौथ्यावरून आठव्यावर आणायचं.

त्याने बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, वहीतले आकडेसुद्धा ऐकून घेतले, आणि हातातली घडी पुरी केली.

"खाली घ्यायचं तर घे," ती म्हणाली. "पण त्यांना तोंडावर सांग. कार्डावरून कळलं ना, तर ते तुला काही म्हणणार नाहीत. आणि ते काही म्हणाले नाहीत, तर मला ते सहन होणार नाही."

मिलिग्रॅमने हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? पण सामन्याला पाच दिवस होते आणि माणूस रोज सकाळी समोर भेटत होता. पहिल्या दिवशी तो मोठ्या काट्याच्या खड्ड्यापाशी गेला, वरून खाली वाकला आणि विचारलं, बाबा, गुडघा कसा आहे. सासरे म्हणाले, आहे जागेवर. हा परत आला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनीच त्याला हाक मारून सांगितलं, की बर्फवाल्यांचा पिचर आतल्या बाजूने टाकतो, त्याला कसं खेळायचं ते त्यांनी ठरवून ठेवलंय. आता यावर काय बोलणार, कप्पाळ? तिसऱ्या दिवशी ते रजेवर होते, आणि मिलिग्रॅमचा जीव भांड्यात पडला. चौथ्या दिवशी त्याने ठरवलं, पाचव्या दिवशी सांगू. पाचव्या दिवशी ठरवलं, मैदानावर निवांत सांगू. केसभर फरक न खपवणारा हा माणूस स्वतःला पाच दिवस असा फसवत राहिला.

मैदानावर पोचल्यावर त्याने नवीन कार्ड लिहून अंपायरच्या हातात दिलं. अंपायर म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, आवाज असा की अख्ख्या मैदानाला कवायतीची आठवण यावी. नियमाप्रमाणे त्याची एक प्रत बर्फवाल्यांच्या कोचकडे गेली. आपल्या मंडळींनी कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अकरा वर्षांत जे बदललं नाही ते कोण वाचतं? मग मिलिग्रॅमने एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगितलं. पॅकिंगबाईला सांगितलं, तेव्हा तिने आधी मागे वळून बघितलं, की हा नक्की कुणाशी बोलतोय. वेल्डरला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "काकांना सांगितलंय ना?" त्याने विचारलं. मिलिग्रॅम म्हणाला, सांगतो.

सासरे तेव्हा कुंपणापाशी गुडघ्याला पट्टा बांधत बसले होते. मिलिग्रॅम त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आता बोलायचंच, असा निश्चय करून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात सासरेच बोलले.

"बाईला पहिली पाठवतोयस म्हणे. बरं केलंस. असं हलवायला छाती लागते." त्यांनी पट्टा घट्ट ओढला आणि वर न बघता विचारलं, "आणखी काही हलवाहलव?"

यापेक्षा दार उघडं ते किती असावं? पण मिलिग्रॅमच्या तोंडून एकच शब्द बाहेर आला.

"किरकोळ," तो म्हणाला.

सासऱ्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळले.

सामना सुरू झाला. बर्फवाल्यांची पहिली बॅटिंग शून्यावर आटोपली, मग आपली पाळी. पॅकिंगबाई गेली, चार वाईट चेंडू शांतपणे बघितले आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. रंगाऱ्याने चेंडू हळूच ढकलला आणि धावत सुटला. तो पहिल्यावर, बाई दुसऱ्यावर. तराजूवाल्याने उंच मारला आणि झेल गेला, एक बाद. पण बेसवर दोघं होते. पहिल्याच इनिंगमध्ये दोन माणसं बेसवर हे दृश्य टीमने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. बाकावरचे सगळे उभे राहिले. मिलिग्रॅमला वाटलं, आपल्या वहीला पाय फुटलेत आणि ती मैदानात धावतेय.

वेल्डर बॅट घेऊन अर्धा उठला. तेवढ्यात त्याच्या पुढून टनकाका निघाले. बॅट काखेत, टोपी सारखी केलेली, अकरा वर्षं जसे जात आले तसेच. तिसरा बाद झाला की चौथा निघतो, त्यांच्या पायांनाच ते ठाऊक होतं. वेल्डरने मिलिग्रॅमकडे पाहिलं. मिलिग्रॅमने जमिनीकडे पाहिलं. वेल्डर खाली बसला आणि बॅट बाकाखाली सारली.

आखलेल्या रेषेपाशी पोचल्यावर टनकाका क्षणभर थांबले. त्यांनी मागे वळून मिलिग्रॅमकडे पाहिलं. मिलिग्रॅमला वाटलं, म्हातारा धीर मागतोय. त्याने घाईघाईने होकारार्थी मान हलवली. टनकाका वळले आणि रेषेच्या आत जाऊन उभे राहिले.

आता या खेळाचा एक नियम आहे, आणि तो मिलिग्रॅमला तोंडपाठ होता. अंपायरला दिलेलं कार्ड तेच खरं. क्रमाबाहेरचा माणूस खेळून गेला आणि समोरच्यांनी लगेच तक्रार केली, तर त्याने केलेलं सगळं पुसलं जातं, आणि ज्याची खरी पाळी होती तो बसल्या जागी बाद. पण चूक मधेच लक्षात आली तर काही बिघडत नाही. खरा माणूस जातो, उरलेली पाळी खेळतो, दंड नाही की काही नाही. म्हणजे हाक मारायला मिलिग्रॅमला वेळ होता. पहिला चेंडू बाहेरचा गेला, तेव्हा वेळ होता. दुसऱ्यावर टनकाकांनी बॅट फिरवली आणि चुकले, तेव्हाही होता. 'बाबा, थांबा', दोन शब्द. हातातल्या कार्डाची त्याने सुरळी केली, परत उलगडली, परत सुरळी केली. मनात म्हणाला, नेहमीसारखे बाद होतील. बाद झाले तर बर्फवाले कशाला तक्रार करतील? गुपचूप मिटेल, संध्याकाळी घरी जाऊन सांगू. स्वतःचे सासरे बाद व्हावेत म्हणून मिलिग्रॅम तिथे उभा राहून अक्षरशः प्रार्थना करत होता.

तिसरा चेंडू आतल्या बाजूने आला. त्याला कसं खेळायचं ते टनकाकांनी खरंच ठरवून ठेवलं होतं.

असा आवाज मैदानावर कित्येक वर्षांत झाला नव्हता. चेंडू उंच गेला, उजव्या कोपऱ्यात पडला, उसळला आणि उभ्या केलेल्या टेम्पोखाली गडगडत गेला. बर्फवाल्यांचा खेळाडू पोटावर झोपून तो काढेपर्यंत पॅकिंगबाई घरी आली, रंगारी घरी आला, आणि टनकाका कुरकुरत्या गुडघ्याने दुसऱ्या बेसवर पोचले. तिथे ते वाकले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, आणि धापा टाकत हसत राहिले. बाकावर नुसता दंगा. रंगाऱ्याने स्टोअरकीपरला उचलून घेतलं. एकटा मिलिग्रॅम पांढराफटक उभा होता.

बर्फवाल्यांचा कोच सावकाश चालत अंपायरकडे गेला. थंड डोक्याचा माणूस. त्याने खिशातून कार्ड काढलं, उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्याचं काही चुकलं नाही, त्याने फक्त वाचलं होतं. मास्तरांनी आपली प्रत काढली, चष्मा वर सरकवला आणि कवायतीच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. चौथा, वेल्डर. आठवा, मोठ्या काट्याचा फिटर. फटका रद्द. दोन्ही धावा रद्द. वेल्डर बाद. आधीच्या दोघांनी आपापल्या बेसवर परत जावं.

दुसऱ्या बेसपासून बाकापर्यंतचं अंतर फार नाही. टनकाकांना ते चालायला बराच वेळ लागला. ते आले, बॅट भिंतीला टेकवली, बाकाच्या टोकाला बसले आणि गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागले. मिलिग्रॅम त्यांच्या जवळ गेला. त्यांनी वर पाहिलं नाही.

पाचवा नंबर लगेच बाद झाला, आणि तिघे बाद की पाळी संपली या नियमाने इनिंग शून्यावर संपली. पुढचा सामना रडतखडत चालला. टनकाकांचा आठवा नंबर मधे तीनदा आला, तिन्ही वेळा ते गेले, बॅट फिरवली आणि नेहमीसारखे बाद होऊन आले. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग आली तेव्हा बर्फवाल्यांच्या तीन धावा होत्या आणि आपल्या दोन. दोन जण बाद झाले. पण तेवढ्यात बेसही भरले होते, तिन्हीवर एकेक माणूस, अगदी वहीत लिहिल्यासारखे. आणि आता पाळी कुणाची? तर आठव्याची. ज्या माणसाला मोक्याच्या जागेवरून हलवण्यासाठी मिलिग्रॅमने तीन आठवडे रक्त आटवलं होतं, त्याच माणसापाशी सामना येऊन थांबला होता.

बदली म्हणून एकच जण शिल्लक होता, तो स्वतः मिलिग्रॅम. वहीप्रमाणे त्याने स्वतः जायला हवं होतं. फरक फार नव्हता, पण होता. तो बाकाजवळ कार्ड चुरगळत उभा राहिला. टनकाका आपणहून उठले आणि बॅट घेऊन त्याच्यासमोर आले.

"कार्ड बघून सांगा," ते म्हणाले. "नंबर माझाच ना?"

कारखान्यातल्या माणसांसमोर त्यांनी त्याला पहिल्यांदाच 'सांगा' म्हटलं होतं. मिलिग्रॅमने चुरगळलेलं कार्ड उघडलं आणि मोठ्याने वाचलं, आठवा, मोठ्या काट्याचा फिटर. टनकाका गेले.

पिचरच्या मनात मात्र पहिली इनिंग होती. तो फटका कुठल्या कागदावर नव्हता, कायद्याने तो मारलाच गेला नव्हता, पण ज्याने तो खाल्ला होता त्याला कोण सांगणार? त्याची पाचावर धारण बसली. आतल्या बाजूने टाकायची त्याची छाती होईना. एक बाहेर टाकला, दुसरा त्याहून बाहेर. टनकाकांनी बॅट खांद्यावरून हलवली नाही. पॅकिंगबाई बघते तसे ते नुसते बघत राहिले. चार वाईट चेंडू झाले, टनकाका चालत पहिल्या बेसवर गेले, आणि बेस भरलेले असल्याने मागून ढकलला जाऊन तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी आला. तीनला तीन. पुढे नवव्या नंबरावर आलेल्या स्टोअरकीपरने कसाबसा चेंडू ढकलला, बर्फवाल्यांनी घाईत तो सांडला, आणि आपली मंडळी जिंकली.

मग काय विचारता! मिलिग्रॅमला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. हे त्याच्या क्रमाचं डोकं, ही त्या वहीची कमाल. टनकाकांना आठव्यावर ठेवलं ते मुद्दाम, शेवटच्या घडीसाठी राखून ठेवलं, असंही कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत ते सगळ्यांना पटलं. छापखान्याच्या टीमचा कोच मुद्दाम येऊन विचारून गेला, की क्रम कसा लावता. खरं काय घडलं होतं? रद्द झालेल्या एका फटक्याला घाबरून एका पिचरने चार चेंडू बाहेर टाकले होते. मिलिग्रॅमला ते माहीत होतं, आणि वहीत ते लिहायला रकाना नव्हता.

सोमवारी नवीन कार्ड खिळ्याला लागलं. मावशींनी ते वाचलं आणि पहिला कप पॅकिंगबाईला दिला. इतकी वर्षं गार चहा पिणाऱ्या बाईने सवयीने मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. चौथा कप मावशी टनकाकांकडेच घेऊन गेल्या, पण त्यांनी तो हसून वेल्डरकडे वळवला. वेल्डर ओशाळून म्हणाला, काका, घ्या हो. ते म्हणाले, कार्ड बघ. आणि भिंतीला टेकून आठव्याची वाट बघत उभे राहिले. मिलिग्रॅमला ते आठवडाभर 'अहो साहेब' म्हणत होते. आवाजात राग नाही, टोमणा नाही. त्यापेक्षा त्यांनी पाना फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

घरी बायकोने एकदाच विचारलं, तोंडावर सांगितलंस? तो म्हणाला, अंपायरने सांगितलं. त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी मिठामिरचीपुरतंच बोलली.

रविवारचं जेवण नेहमी सासरी असायचं. सासरे, सासूबाई, बायको, मिलिग्रॅम आणि त्याची लहान मुलगी, पाच पानं. बायकोने भाताचं पातेलं आणलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने पहिला हात वडिलांच्या ताटाकडे नेला. त्यांनी ताटावर तळहात धरला.

"माझा नंबर आठवा," ते म्हणाले.

नात खुदकन हसली. बाकी कुणी हसलं नाही.

"बाबा, आपण पाचच जण आहोत," बायको म्हणाली.

"मग थांबतो," ते म्हणाले.

बायकोने पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आता लपायला कार्ड नव्हतं, अंपायर नव्हता. त्याने सांगितलं. बाबा, मी तुम्हाला खाली घेतलं, आधी सांगायला हवं होतं, पाच दिवस होते माझ्याकडे, भीती वाटली म्हणून नाही सांगितलं. तुमचं मन दुखेल असं वाटलं. हे बोलताना त्याचा आवाज चिरकला, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. सासरे ऐकत होते. त्यांचा हात अजून ताटावरच होता. मग त्यांनी शांतपणे विचारलं, माझ्या खाली येण्याने किती फरक पडत होता. तो म्हणाला, सगळा क्रम मिळून एक तृतीयांश धाव. आयुष्यभर टनांत काम केलेल्या माणसाने ते मनात जोखून पाहिलं.

"तपासलंत नीट?"

"तीनदा."

"मग बरोबरच असेल." पुढचं ते मुलीकडे बघून बोलले. "दोन वर्षं झाली बघ. चौथ्या नंबराला जाताना माझ्या पोटात गोळा यायचा. वाटायचं, कुणीतरी म्हणावं, काका, बास झालं, या खाली. टीम मी काढली, चौथा मीच झालो. आता मीच कुठल्या तोंडाने म्हणू? त्या दिवशी पॅकिंगबाईला वर घेतलेलं कळलं आणि म्हटलं, सुटलो. आता आपल्यालाही हलवलं असेल. म्हणून विचारून पण पाहिलं."

"मग गेलात कशाला बॅटिंगला?" मुलीने विचारलं.

त्यावर ते जावयाकडे वळले. घरात, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच त्यांनी त्याला 'तू' म्हटलं.

"रेषेपाशी थांबलो होतो मी. मागे वळून पाहिलं होतं तुझ्याकडे. तू मान हलवलीस."

मग त्यांनी ताटावरचा हात काढला. मुलीने त्यांना वाढलं, मग आईला, मग लेकीला, मग स्वतःला, आणि सगळ्यांच्या शेवटी नवऱ्याला. तोवर भात गार झाला होता, आणि मिलिग्रॅमने तो मुकाट्याने खाल्ला.